पोथीला पालखी, रुमालाला माळा

प्रति,
मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,


आधी अभिनंदन करतो, मग भांडतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठीची तरतूद साडेतीन कोटींवरून एकदम साठ कोटींवर गेली, तेव्हा जुन्या कागदांत आयुष्य घालवणाऱ्या आम्हा मंडळींना खरोखरच आनंद झाला. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंद आणि जतन करायचं, त्यासाठी ‘ज्ञान भारतम्’ नावाची मोहीम काढायची, विद्यापीठांपासून खाजगी संग्राहकांपर्यंत सगळ्यांना तिच्यात घ्यायचं. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मिशनने पन्नास लाखांवर हस्तलिखितांची नोंद केली होती, पण त्यांतली जेमतेम साडेतीन लाख संगणकावर आली. पैसा नव्हता, माणसं नव्हती. आपल्या अख्ख्या मंत्रालयाच्या वाट्याला देशाच्या शंभर रुपयांतले सात पैसेसुद्धा येत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे साठ कोटींचं मोल आम्हाला कळतं.

भांडण पैशाचं नाही. ते पैसे कोणत्या कागदापर्यंत पोचणार, याचं आहे.

जुन्या मिशनपासून हस्तलिखिताची एक सरकारी व्याख्या चालत आली आहे. कागद, भूर्जपत्र, ताडपत्र, कापड, धातू अशा कशावरही हाताने लिहिलेली, किमान पंच्याहत्तर वर्षं जुनी आणि शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाची रचना म्हणजे हस्तलिखित. इथवर ठीक. पुढे मात्र व्याख्या कुंपण घालते. शिलालेख, फर्मानं, महसुली दप्तरं ही झाली ऐतिहासिक साधनं, ती हस्तलिखितं नव्हेत, कारण हस्तलिखितात ‘ज्ञान’ असतं. एवढ्या एका वाक्याने महाराष्ट्रातल्या मोडी कागदांचा बहुतेक सगळा डोंगर मोहिमेच्या वेशीबाहेर जाऊन बसतो.

कारण आमच्याकडे घराघरांत जे उरलंय ते प्रामुख्याने हेच आहे. देशमुख-देशपांड्यांची दप्तरं, पाटील-कुलकर्ण्यांचे कागद, इनामपत्रं, वतनपत्रं, महजर, करीने, ताळेबंद, कैफियती, देवस्थानांचे जमाखर्च. लाल किंवा पांढऱ्या मांजरपाटाच्या फडक्यात बांधलेले हे रुमाल माळ्यावर, देवघराच्या वरच्या फळीवर, नाहीतर धान्याच्या रिकाम्या कणगीत पडलेले असतात. त्याच घरात ज्ञानेश्वरीची पोथी असली तर ती नोंदीत जाईल. तिच्यापासून हातभर अंतरावरच्या रुमालाकडे मात्र सर्वेक्षक ढुंकूनही पाहणार नाही. त्याचा दोष नाही. त्याच्या हातातल्या फॉर्ममध्ये त्या रुमालासाठी रकानाच नाही.

गंमत अशी की आपल्याच मंत्रालयाचा दुसरा कायदा असा भेद करत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा काढून पाहावा. पंच्याहत्तर वर्षं जुनं, शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेलं हस्तलिखित, अभिलेख किंवा अन्य दस्तऐवज, असे तिन्ही शब्द त्यात एका ओळीत आले आहेत. म्हणजे मी उद्या एखादा पेशवेकालीन महजर बॅगेत घालून परदेशी निघालो, तर विमानतळावर तो राष्ट्राचा ठेवा ठरेल आणि मला अडवलं जाईल. योग्यच आहे. पण तोच महजर माळ्यावर वाळवीने खाल्ला, तर ते कुणाच्याच खात्याचं काम नाही. जप्तीच्या वेळी ठेवा आणि जपायच्या वेळी रद्दी, हा हिशेब आम्हाला काही जमत नाही.

आता त्या रुमालांत ‘ज्ञान’ असतं की नसतं, ते जरा जवळून पाहू.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी एका जुन्या कुलकर्णी घराण्यातल्या तात्यांनी मला कागद पाहायला बोलावलं. अट आधीच सांगितली, “कागद उंबऱ्याबाहेर जायचे नाहीत. इथं बसा, वाचा, लागेल तेवढा चहा प्या.” गाठ सोडली तशी वेखंडाचा वास आला. वरचे काही थर कसरीने चाळणी केलेले, मधले चांगले होते. लांबट पट्टीसारख्या कागदाच्या घड्या उलगडताना सतरंजीवर बारीक वाळू पडत होती. बोरूने लिहून झालं की शाई सुकावी म्हणून वाळू भुरभुरायचे, ती अडीचशे वर्षं घडीत बसून राहिली होती. त्यात गावच्या पाटीलकीच्या तंट्याचा एक महजर निघाला. मजकुराखाली गोतसभेच्या साक्षी होत्या. कुलकर्ण्याने सही केलेली, पण बाकीच्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी आपापल्या निशाण्या काढल्या होत्या. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा. न्हाव्याचा आरसा तर इतका नेटका, दांड्यासकट काढलेला, की बघत राहावं.

मंत्रिमहोदय, पोथ्यांमधून आपल्याला व्याकरण, वेदान्त, वैद्यक, ज्योतिष मिळेल. ते मिळायलाच हवं. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या पोथ्या २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेल्या आणि २०२५ मध्ये तिथल्याच नाट्यशास्त्राच्या पोथ्यांनाही तो मान मिळाला, याचा पुण्यात कुणाला अभिमान वाटला नसेल? पण लिहिता-वाचता येणारे थोडे होते आणि पोथ्या त्या थोड्यांच्या हातच्या आहेत. गावगाड्यातला सुतार, न्हावी, चांभार, कुंभार, महार, रामोशी यांच्या आयुष्याचा लेखी पुरावा कुठे आहे म्हणाल, तर तो या रुमालांत आहे. कुणाला बलुत्याच्या किती पेंढ्या मिळत, दुष्काळात सारा किती माफ झाला, बंधाऱ्याच्या दुरुस्तीला कुणी किती माणसं द्यायची, ज्वारीचा भाव काय होता, पुण्याच्या कोतवालीत कुणाला कोणत्या गुन्ह्यासाठी काय दंड झाला, कुणबीण कितीला विकली गेली. शेवटचं वाचताना घशात अडकतं, पण तेही कागदातच आहे. याला ज्ञान म्हणायचं नसेल, तर बाराही बलुतेदार ज्ञानाच्या मोहिमेतून बाहेर काढल्यासारखे होतात. आपल्या अधिकाऱ्यांचा तसा हेतू नसणार. व्याख्येचा परिणाम मात्र तोच आहे.

राजकीय इतिहासापुरतंच बोलायचं, तरी उदाहरण ठळक आहे. शिवाजी महाराजांची जयंती आता सरकारी पातळीवर १९ फेब्रुवारीला साजरी होते. ही तारीख कुठून आली? भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती, वर्षावर्षाच्या घटनांची कोरडी टिपणं. लोकमान्य टिळकांच्या हाती ती आली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा दिला होता. त्यावर बरीच वर्षं वाद चालला. पुढे तंजावरला कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी सापडली, १९२७ साली ती छापून आली आणि तिथेही हीच तिथी निघाली. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे स्वीकारायला २००१ साल उजाडलं, ते सोडा. मुद्दा असा की देशमुखाच्या घरचं टिपण आणि पंडिताच्या हातची पोथी, दोघांनी एकमेकांची साक्ष दिली म्हणून तारीख ठरली. आज आपला सर्वेक्षक गेला, तर व्याख्या काटेकोर लावून तो तंजावरची पोथी नोंदवेल आणि कारीची शकावली परत फडक्यात बांधून ठेवा म्हणून सांगेल.

हे काल्पनिक नाही. तात्यांच्या मुलाने, तो नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, आपल्या घरच्या कागदांचे फोटो काढून मोहिमेशी जोडलेल्या एका केंद्राला पाठवले होते. उत्तर आलं, सभ्य भाषेत आलं. पोथी असल्यास कळवावे. तात्यांनी पोथी दाखवायला नकार दिला. ते म्हणाले, “दोन्ही घ्या, नाहीतर दोन्ही राहू द्या.” मला त्यांचं पटलं.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे. अभिलेख म्हणजे पुराभिलेखागारांचं काम, आणि तेही राज्याचं. पण १८९१ पासूनचं राष्ट्रीय अभिलेखागार आपल्याच मंत्रालयात आहे आणि १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने त्याला खाजगी मालकीचे महत्त्वाचे कागद दान म्हणून किंवा विकत घेण्याची मुभा दिली आहे. व्यवहारात त्याचा भर केंद्र सरकारच्या फायली आणि मोठ्या नेत्यांची खाजगी कागदपत्रं यांवर राहतो. राज्याचं पुराभिलेख खातं मुख्यतः सरकारी दप्तर सांभाळतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातच कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड काढले. एवढ्या थोड्या वर्षांत तेवढं काम कसं झालं, याचं आजही नवल वाटतं, पण ते खंड म्हणजे समुद्रातली ओंजळच. घरोघरचं दप्तर केंद्राच्याही हद्दीत येत नाही आणि राज्याच्याही. कधीकाळी ते वि. का. राजवाडे पायपीट करून गोळा करत हिंडले, १८९८ पासून त्यांनी साधनांचे खंड छापले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. माणूस तापट, कुणाशी फार दिवस जमायचं नाही, पण कुणाच्या माळ्यावर काय आहे ते त्यांना बरोबर कळायचं. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने खिशातले पैसे घालून जे केलं, ते करायला आज साठ कोटींची मोहीम कमी पडू नये.

आणि मोडी ही एकट्या महाराष्ट्राची गोष्ट नाही, म्हणून तर हे पत्र मुंबईला न पाठवता दिल्लीला पाठवतो आहे. ग्वाल्हेरला शिंद्यांचं, इंदूरला होळकरांचं, बडोद्याला गायकवाडांचं दप्तर मोडीत. गोव्यात मोडी कागद आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजांच्या कारभाराचे तेराशेहून अधिक रुमाल मोडीत आहेत, आणि तमिळनाडूत मोडी वाचणारे कितीसे असणार? महाराष्ट्राचं खातं तंजावरला माणूस पाठवू शकत नाही, तमिळनाडूचं खातं मोडीवाचक घडवू शकत नाही. अशा वेळी मधे केंद्रानेच यायचं असतं. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या यादीत सदुसष्टावी नोंद आहे. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संसदेने कायद्याने जाहीर केलेली प्राचीन व ऐतिहासिक स्मारकं ‘आणि अभिलेख’ केंद्राच्या अखत्यारीत येतात. स्मारकांसाठी कायदे झाले, देशभर साडेतीन हजारांहून जास्त वास्तूंवर पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाट्या लागल्या. अभिलेख हा शब्द त्या नोंदीत तसाच बसून आहे.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. स्कॅनर विकत मिळतो. वाचणारा विकत मिळत नाही.

मोडीची मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात. तेवढ्यावर प्रमाणपत्रही मिळतं. कागद वाचता यायला मात्र वर्षं जातात. लिहिणारा आधी कागदभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं ओढत जाई. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शिवकालातलं वळण वेगळं, पेशवाईतलं वेगळं, इंग्रजी अमलातलं आणखी वेगळं. त्यात फारसी शब्दांचा भरणा. वर तारखेच्या जागी ‘सीत सबैन मया व अलफ’ असं काही दिसलं, की नवशिका तिथेच थांबतो. हे अरबी आकडे आहेत, सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७६, म्हणजे आपलं १७७५-७६. शेवटी ‘मोर्तब सुद’ आहे की नाही, शिक्का कुठे उमटला आहे, वरच्या मजकुराचा हात आणि खालच्या ओळीचा हात एकच आहे का, यावरून कागद अस्सल की नक्कल हे ठरवायचं. हे पुस्तकातून येत नाही. म्हाताऱ्या वाचकाच्या शेजारी मांडी घालून बसावं लागतं. आणि ते म्हातारे वाचक आता भराभर जाताहेत. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मोडी शाळांतून गेली, तेव्हा जे शाळेत होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत.

यंत्र वाचील, असं हल्ली सगळेच सांगतात. २०२५ मध्ये रूरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोडी पानांची प्रतिमा देवनागरीत उतरवणारी प्रणाली मांडली, तिच्यासाठी २,०४३ पानांचा संच तयार केला. काम स्वागतार्ह आहे. पण त्या पानांचं बरोबर देवनागरी वाचन आधी कुणीतरी माणसाने केलं, तेव्हाच यंत्र शिकलं. कोट्यवधी कागदांपुढे दोन हजार पानं म्हणजे किती, ते मी सांगायला नको.

वाचकाची किंमत सरकारला कळत नाही असंही नाही. २०२३ च्या शरदात न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली आणि जिल्हाधिकारी कार्यालयांतून मोडीवाचकांना फोनावर फोन आले. एरवी ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, ती माणसं तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये मास्क लावून, टेबलफॅन बंद करून, रात्री उशिरापर्यंत नोंदी उकलत बसली होती. लाखो नोंदी निघाल्या. आरक्षणाबद्दल माझं मत काय ते इथे गैरलागू आहे. पण गरज पडली तेव्हा वाचक सापडले, आणि काम ओसरलं तशी बरीच माणसं आपापल्या घरी परतली. कुणी क्लास घेतो, कुणी वकिलाकडे जुन्या खरेदीखताचं वाचन करून देऊन पोट भरतो.

त्याच प्रकरणाने एक नवी अडचणही करून ठेवली आहे. घरमालक बिचकले आहेत. आधीच माळ्यावरच्या कागदांना घाबरायचं कारण होतं. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत वाडे जळाले, त्यांत दप्तरंही गेली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं संपली आणि ज्या कागदांच्या जोरावर हक्क सांगायचा ते एका दिवसात निरुपयोगी झाले. पुष्कळांनी तेव्हा चुलीत घातले. ज्यांनी ठेवले त्यांना वाटतं, कागद सरकारच्या हाती गेला की कुणाच्या तरी सातबाऱ्यावर वाद उभा राहील. ही भीती भाबडी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही, जमिनीच्या वादात असे कागद कोर्टात खरंच येतात. तेव्हा मोहिमेतली माणसं खोके घेऊन ट्रकने आली, तर दारं बंद होतील. कॅमेरा घेऊन आली, ओसरीवर बसून फोटो काढले, मूळ कागद तिथेच राहू दिला, आम्लरहित कागदात बांधून दिला, मालकाला प्रत आणि पोच दिली आणि काय उघड करायचं काय नाही हे त्याला विचारलं, तर तात्यांसारखे कितीतरी जण स्वतः माळ्याला शिडी लावतील.

यासाठी नवं खातं, नवी इमारत, नवं बोधचिन्ह लागणार नाही. संस्कृतीच्या अभ्यासकांना आपलं मंत्रालय दरवर्षी शिष्यवृत्त्या देतंच. वरिष्ठांना महिना वीस हजार, कनिष्ठांना दहा हजार, दोन वर्षांसाठी. त्यांतल्या काही मोडीवाचनासाठी राखून ठेवाव्यात आणि अट अशी घालावी की वरिष्ठाने कनिष्ठाला शेजारी बसवून एका तालुक्यातले रुमाल वाचायचे. प्रबंध नको, सूची हवी. भोर, वाई, जुन्नर, संगमनेर, पैठण, तंजावर, ग्वाल्हेर. सुरुवात कुठूनही केली तरी चालेल. आणि व्याख्येतलं ते एक वाक्य काढावं, किंवा काढायला फार सह्या लागत असतील तर त्याखाली घरगुती दप्तरांपुरता अपवाद लिहावा.

सर्वेक्षणाचा फॉर्म पुन्हा छापायचा झाला, तर मोडी कागदांसाठी काय काय विचारावं हे आम्ही आनंदाने लिहून देऊ. रुमालाला घरात काय म्हणतात, कालगणना शक, सुहूर की फसली, वळण कोणत्या काळाचं, शिक्का आहे का, निशाण्या कोणकोणत्या, मूळ की नक्कल, आणि मालक प्रत घेऊ देतो का. एवढं एका पानात बसतं. सही न येणारा मालक आता सहसा भेटत नाही, तरी निशाणीसाठी जागा ठेवावी.



आपला,
एक मोडीवाचक